धनेशाचं बेट, शेळ्यांचं बेट

चेन्नईहून उत्तरेकडे निघालेली उपनगरी गाडी गुम्मिडिपूंडीला पोहोचते. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. गावाच्या एका अंगाला सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे पोलादाच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात. दुसऱ्या अंगाला श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची १९९० पासूनची छावणी आहे. पूर्वेला थोडं पुढे गेलं की पुलिकतचं खाऱ्या-गोड्या पाण्याचं विस्तीर्ण सरोवर लागतं आणि थंडीत तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. या सरोवराच्या तोंडाशी डचांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला. कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं कापड इथून जहाजांत चढायचं, बंगालचा उपसागर ओलांडायचं आणि पार पूर्वेच्या बांदा बेटांवर जायफळाच्या बदल्यात उतरायचं. ती बांदा बेटं ज्वालामुखीची. आज कारखान्यांच्या धुराड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या किनाऱ्याचं आगीतून वर आलेल्या बेटांशी असलेलं नातं असं चारशे वर्षांचं आहे.

सिपकॉटच्या वसाहतीत नोकरीनिमित्त राहिलेली काही मराठी मंडळी एका फेब्रुवारीत अंदमानला निघाली. सेल्युलर जेल त्यांना पाहायचं होतंच, पण खरी ओढ होती ती आणखी पूर्वेच्या दोन एकाकी बेटांची. अंदमानच्या द्वीपसमूहात पाचशेहून अधिक बेटं, खडक आणि सुळके आहेत. त्यांतले ज्वालामुखी फक्त दोन, बॅरन आणि नारकोंडम. बॅरन हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. नारकोंडम शांत झालेला, आणि जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या एका धनेश पक्ष्याचं घर.

चेन्नई बंदरातून अंदमानला जाणारं जहाज सुमारे १,१९० किलोमीटर अंतर कापतं. त्यासाठी अडीच-तीन दिवस लागतात. विमान दोन-सव्वादोन तासांत पोहोचवतं, तरी ज्याला हा द्वीपसमूह समजून घ्यायचा आहे त्याने एकदा तरी जहाजाने जावं. बंकमध्ये भेटणारी माणसं बहुतेक करून पर्यटक नसतात. रुग्णालयात दाखवून परतणारं कुटुंब, कॉलेजच्या सुट्टीवर निघालेली मुलं, लग्नाचे कपडे आणि भांडी घेऊन चाललेल्या बाया. ही सगळी ‘मेनलँड’ला जाऊन आलेली असतात. भारतभूमीला ती याच नावाने ओळखतात आणि हा शब्द त्यांच्या तोंडी इतक्या सहज येतो की पहिल्या दिवशी दचकायला होतं. दुसऱ्या दिवशी डेकवरून चहूकडे नुसतं पाणी पाहिल्यावर तो पटतो.

गप्पांत तमिळ जितकी कानावर पडते तितकीच बंगाली आणि तेलुगू. सगळ्यांना जोडते ती अंदमानची हिंदी. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर श्रीलंकेच्या मळ्यांतून जी तमिळ कुटुंबं भारतात परत पाठवली गेली, त्यांतली काही निकोबारच्या कच्छाल बेटावर रबराच्या लागवडीत वसवण्यात आली. गुम्मिडिपूंडीच्या छावणीतली माणसं श्रीलंकेतल्या नंतरच्या यादवी युद्धातून पळून आलेली, त्यांची कहाणी वेगळी. तरी एकाच बेटावरून निघालेल्या लोकांच्या दोन वाटा या जहाजावर मनात एकत्र येतात.

जहाजाखाली काय आहे हे डेकवरून कळत नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रेने हिमालयातून वाहून आणलेला गाळ उपसागराच्या तळावर पंख्यासारखा पसरला आहे, आणि समुद्राखालचा एवढा मोठा गाळाचा पंखा जगात दुसरा नाही. पुढे पूर्व रेखांश ९० च्या आसपास त्या गाळाखाली हजारो किलोमीटर लांबीची एक डोंगररांग गाडली गेली आहे. तीही ज्वालामुखीचीच. तिच्यापलीकडे भारतीय भूपट्ट पूर्वेच्या पट्टाखाली घुसतो. अंदमान-निकोबारची रांग या टक्करीतून वर उचललेल्या गाळाची आणि समुद्रतळाच्या खडकांची. घुसलेला पट्ट खोल गेल्यावर त्यातलं पाणी वरच्या गरम खडकात शिरतं, त्या पाण्यामुळे खडक वितळतो, आणि तो वितळलेला रस मुख्य रांगेच्या पूर्वेला बॅरन आणि नारकोंडमच्या रूपाने बाहेर येतो. हीच साखळी दक्षिणेला सुमात्रा आणि जावाच्या ज्वालामुखींपर्यंत जाते.

मराठी माणसाला ज्वालामुखीचा खडक नवा नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर तो पायऱ्यापायऱ्यांनी रचलेला असतो, आणि रायगडापासून वेरूळपर्यंत गड आणि लेणी त्यातच कोरलेली आहेत. पण तो रस वेगळ्या जातीचा होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत जिथून सरकत होता, त्या जागेखाली पृथ्वीच्या पोटातून उष्णतेचा एक झोत वर येत होता. पातळ लाव्हा भेगांतून वाहिला आणि लाखो चौरस किलोमीटरवर पसरला. भूपट्ट उत्तरेला सरकत राहिला, झोत जागेवर राहिला; लक्षद्वीप आणि मालदीवच्या प्रवाळांखालची रांग, मॉरिशस आणि आजचं रियुनियन बेट ही त्याच्या माग सोडत गेलेल्या प्रवासाची ठिकाणं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला असलेली गालापागोस बेटंही अशाच झोतावर उभी आहेत. म्हणजे डार्विनच्या गालापागोसचं रक्ताचं नातं नारकोंडमपेक्षा आपल्या सह्याद्रीशी जवळचं. नारकोंडमचा रस घट्ट, चिकट. त्यातून पठार घडलं नाही, समुद्रातून सरळ वर चढलेला शंकू घडला.

सकाळी जेव्हा दक्षिण अंदमानची हिरवी रेघ दिसली, तेव्हा घड्याळात सहासुद्धा वाजले नव्हते आणि ऊन पडलं होतं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. घड्याळ मेनलँडचं, आकाश म्यानमारजवळचं.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. जुनं नाव ज्याच्यावरून पडलं तो आर्चिबाल्ड ब्लेअर मुंबईच्या ‘बॉम्बे मरीन’ या आरमारातला लेफ्टनंट होता. त्याने १७८९ मध्ये या बेटांची मोजणी केली आणि त्याच सुमारास धगधगत्या बॅरनचं वर्णनही लिहून ठेवलं. आधुनिक काळातल्या बॅरनच्या उद्रेकांची पहिली नोंद १७८७ ची. मुंबईच्या आरमाराने पाहिलेला ज्वालामुखी दोन शतकांनी गोव्याच्या शास्त्रज्ञांनी कसा पाहिला, ते पुढे येईलच.

सेल्युलर जेलमध्ये मराठी प्रवासी इतर कुणापेक्षाही जास्त वेळ उभा राहतो. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उरल्या आहेत. गणेश आणि विनायक हे सावरकर बंधू इथे होते. विनायक सावरकर १९११ मध्ये आले आणि १९२१ पर्यंत राहिले. कोठडीच्या गजांशी माणसं गप्प होतात, नातवंडांना हळू आवाजात सांगतात, मग बाहेर येऊन समुद्र पाहतात. बहुतेकांचं अंदमान इथे संपतं, फार तर हॅवलॉकच्या पुळणीवर. हे खटकतं. ज्या समुद्राने या बेटांना तुरुंग बनवलं, त्यानेच इथल्या पक्ष्यांना आणि झाडांना लाखो वर्षं एकटं ठेवून वेगळं घडवलं. तुरुंगाची गोष्ट इतक्या आस्थेने सांगणाऱ्या समाजाने ही दुसरी गोष्टही तितक्याच आस्थेने मुलांना सांगायला हवी.

शहराबाहेर सिप्पीघाटजवळ ही जमीन स्थिर नाही याचा पुरावा रस्त्याकडेला पडलेला दिसतो. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची भेग सरकली. पोर्ट ब्लेअरचा परिसर जवळपास एक मीटर खचला आणि सिप्पीघाटची भातशेती भरतीच्या पाण्याखाली गेली ती कायमची. तिथे आज बदकं आणि बगळे आहेत. उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमकं उलट घडलं: तिथे जमीन मीटरभर वर आली, आणि पाण्याबाहेर पडलेली प्रवाळं वाळून मेली. एकाच धक्क्याने एका टोकाला शेत बुडावं आणि दुसऱ्या टोकाला समुद्रतळ उघडा पडावा, ही गोष्ट पुस्तकात वाचून जितकी कळते त्याहून कितीतरी जास्त त्या बुडालेल्या बांधांवर उभं राहून कळते.

बॅरन इथून ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर आहे. बोट पहाटे निघते आणि बराच वेळ क्षितिजावर काहीच नसतं. उडणारे मासे लाटांवरून सुरकन निघतात आणि दूर जाऊन पडतात. मग एक करडा ठिपका दिसतो. तो वाढत जातो, पण डोंगरासारखा नाही. आधी एक तुटलेली भिंत दिसते आणि भिंतीच्या आत दुसरा, काळा, मोकळा डोंगर. बॅरन हे तीनेक किलोमीटर व्यासाचं बेट आहे. जुन्या ज्वालामुखीचा माथा कोसळून झालेल्या दोन किलोमीटर रुंद वाडग्यात आजचा शंकू उभा आहे, आणि वाडग्याची पश्चिमेची बाजू फुटलेली आहे. तिथूनच लाव्हा समुद्रात उतरला. पाण्यावरची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, पण खरा डोंगर समुद्रतळावरून दोन किलोमीटरहून अधिक चढून आलेला. बोटीतून दिसतो तो फक्त त्याचा कळस.

बेटावर उतरता येत नाही, फेरी मारता येते. तेवढीही पुरेशी ठरते. पश्चिमेच्या फटीसमोर बोट आली की कोळशासारखे लाव्ह्याचे दगड पाण्यापर्यंत येऊन थांबलेले दिसतात, आणि वर राखेचा उतार इतका गुळगुळीत असतो की त्याच्यावर एक काडीसुद्धा उगवलेली नाही. शंकूच्या माथ्यावर पांढुरका धूर. वारा फिरला की गंधकाचा वास. मग बोट पूर्वेला वळते, आणि तिथे जुन्या भिंतीच्या बाहेरच्या अंगावर झाडी आहे! हिरवी, दाट, कड्याला बिलगलेली. पांढऱ्या शाही कबुतरांची एक ओळ तिच्यातून बाहेर पडली तेव्हा बोटीवरचं कुणीतरी आनंदाने ओरडलंच. ‘बॅरन’ म्हणजे ओसाड, या समजुतीने आलेल्या मंडळींसाठी दिवसातला हा सगळ्यात मोठा धक्का होता.

१८३२ नंतर हा ज्वालामुखी दीडशेहून अधिक वर्षं जवळपास निजलेला होता. १९९१ मध्ये तो जागा झाला, १९९४-९५ मध्ये पुन्हा, आणि २००४ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच, मे २००५ मध्ये, आणखी एकदा. बेटावर नव्वदच्या दशकात उभारलेला दीपस्तंभ या उद्रेकांत गेला. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधु संकल्प’ हे संशोधन जहाज जवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करत होतं. अभय मुधोळकर या पथकाचे प्रमुख होते. अचानक शंकूतून राखेचे ढग उसळायला लागले. जहाज सुमारे मैलभर अंतर राखून थांबलं आणि शास्त्रज्ञांनी पाहिलं की उद्रेक सलग नाही, पाच-दहा मिनिटांच्या छोट्या झटक्यांत होतो आहे. दिवसा फक्त राख दिसायची; सूर्य मावळल्यावर तोंडातून लाल लाव्ह्याची कारंजी उडताना आणि उतारांवरून ओघळताना दिसली. दोना पावलाच्या किनाऱ्यावरून रोज समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या वाट्याला हा क्षण आला, याचं मंडळींना विशेष अप्रूप.

मंडळींच्या फेरीत दुर्बिणीतून पूर्वेच्या कड्यावर काही हलताना दिसलं. शेळ्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश अमदानीत इथे शेळ्या सोडण्यात आल्या. फुटलेल्या जहाजातून कुणी या बेटाला लागलंच तर त्याला खायला काही असावं, अशा विचाराने त्या काळी दूरदूरच्या बेटांवर असं केलं जाई. शंकू आग ओकत राहिला, शेळ्या भिंतीच्या हिरव्या बाजूला टिकल्या. पाहताना जीव हरखतो, इतकी चिवट जात. आणि काळजीही वाटते, कारण बेटावरच्या शेळीचा इतिहास चांगला नाही.

गालापागोसमधलं पिंटा बेट त्याचा नमुना आहे. १९५९ मध्ये, ज्या वर्षी इक्वाडोरने गालापागोसचं राष्ट्रीय उद्यान केलं त्याच वर्षी, कोळ्यांनी पिंटावर तीन शेळ्या सोडल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या ४० हजारांच्या घरात गेली. महाकाय कासवं जे झाडपाला खात, तो शेळ्यांनी ओरबाडून संपवला. पिंटाच्या जातीचा शेवटचा नर १९७१ मध्ये सापडला. त्याला ‘लोनसम जॉर्ज’ म्हणत. २४ जून २०१२ रोजी तो गेला आणि जात संपली. शेजारच्या इसाबेला आणि सांतियागो बेटांवर नंतर दीड लाखाहून अधिक शेळ्या मारून काढाव्या लागल्या. शेवटच्या लपलेल्या कळपांचा माग लागावा म्हणून काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांना सोडलं गेलं, कारण शेळी एकटी राहत नाही, ती आपल्या जातभाईंना शोधतेच. ही मोहीम २००६ मध्ये पुरी झाली. तीन शेळ्या आणायला एक होडी पुरली होती.

बॅरनवरून परतल्यावर मंडळी उत्तरेला, डिगलीपूरकडे निघाली. अंदमान ट्रंक रोड हा मोठा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जारवा आजही शिकार आणि कंदमुळांवर जगणारे, काहीशे लोकसंख्येचे आदिवासी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी गाड्यांचे ताफे सुरूच राहिले. माणसं पाहायला गाडीच्या काचेला नाक लावून जाणं या मंडळींना नको होतं. त्यांनी समुद्राची वाट धरली आणि एरियल बेच्या धक्क्यावर उतरली.

उत्तर अंदमानचं रूप कोकणातून गेलेल्या माणसाला ओळखीचं वाटतं: भातखाचरं, सुपारी, नारळ, परसात केळी. वस्ती मात्र बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना पन्नासच्या दशकात जंगल तोडून इथे जमिनी दिल्या गेल्या. दारात तळं आणि तळ्यात मासे ही त्यांची रीत ते सोबत घेऊन आले. मायाबंदरकडे करेन लोकांची गावं आहेत, ती ब्रिटिशांनी १९२० च्या दशकात ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणलेल्यांची. डोंगी वल्हवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं इथे सगळेच सांगतात. श्यामनगरजवळ जमिनीतून बुडबुडणारा चिखल पाहायला मिळतो. त्याला चिखलाचा ज्वालामुखी म्हणतात, पण तो बॅरनचा भाऊबंद नव्हे. गाळात कोंडलेला वायू थंड चिखलाला वर ढकलतो, एवढंच. काळीपूरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले, हिरवं, चोचवालं आणि चामडपाठी अशी चारही जातींची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. आपल्या वेळासला एका जातीच्या पिल्लांसाठी किती गर्दी होते ते आठवलं, की काळीपूरचं मोल लक्षात येतं.

काळीपूरच्या मागेच सॅडल पीक उभा आहे. ७३२ मीटर, अंदमानातला सर्वांत उंच माथा. वाट आधी किनाऱ्याने जाते, मग गर्द सदाहरित जंगलात शिरून उभी चढते. वर पोहोचल्यावर सगळ्यांनी पूर्वेला तोंड केलं. शंभर किलोमीटरहून अधिक दूर, ७१० मीटर उंचीचं नारकोंडम तिकडे आहे. दोन्ही माथ्यांची उंची आणि पृथ्वीची गोलाई यांचा हिशेब मांडला तर ते दिसायला हवं. त्या दिवशी समुद्रावर धुरकट पडदा होता, दिसलं नाही. १९७७ पासून अभयारण्य असलेल्या या बेटावर खास परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही, म्हणून मंडळींना इतकंच शक्य होतं. तिथे बसून त्यांनी जे वाचलं होतं ते एकमेकांना सांगितलं.

नारकोंडमचं क्षेत्रफळ ६.८ चौरस किलोमीटर, जेमतेम माथेरानएवढं. मार्च १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आगबोटीने अंदमान-निकोबारच्या पक्षी-मोहिमेवर आला आणि त्याने या बेटावरच्या धनेशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. हाच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होता. ते अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं, पटकीची साथ आली म्हणून मुंबईत झालं. राजकारणातला ह्यूम शाळेच्या पुस्तकात असतो, पक्ष्यांमागे आयुष्य घालवलेला ह्यूम मात्र फार थोड्यांना माहीत आहे. शंभर वर्षांनी, १९७४ मध्ये, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हुमायून अब्दुलअली यांनी नारकोंडमच्या प्राणिजीवनावर लिहिलं.

नर धनेशाचं डोकं आणि मान तांबूस, मादीचं काळं. दोघांचीही शेपूट पांढरी आणि गळ्याखाली निळसर-पांढरी पिशवी. मोठ्या अंदमानात, निकोबारात, कुठेही एकही धनेश नाही. सगळ्या द्वीपसमूहातून फक्त या कणाएवढ्या बेटावर तो का आणि कधी पोहोचला असेल, या प्रश्नाने मंडळी बराच वेळ गुंतली. घरट्याची रीत मात्र सिंधुदुर्गातल्या ककणेर या धनेशाचीच. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते. नर फळं आणून त्या फटीतून भरवतो. नर मेला तर आतली पिल्लं उपाशी राहतात. म्हणून मोठी, जुनी, ढोलीची झाडं हा या पक्ष्याचा प्राण.

म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहित नानिवडेकर आणि त्यांचे सहकारी २०१९-२० च्या थंडीत या बेटावर राहिले. त्यांच्या मोजणीनुसार बेटावर साधारण हजार धनेश आहेत, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये दीडशेच्या आसपास. जगात कुठेही धनेशांची इतकी दाटी नोंदलेली नाही. अरुणाचलातल्या नामदाफाच्या जंगलाशी त्यांनी तुलना केली. तिथे फळं खाऊन बिया पसरवणारे पक्षी कितीतरी जातींचे आहेत, एक कमी झाला तर दुसरा काही अंशी त्याचं काम करतो. नारकोंडमवर असे पक्षी मोजकेच आणि त्यांत मोठी चोच एकच. वड-उंबराच्या कुळातल्या झाडांनी बेट भरलेलं आहे. ती झाडं वर्षभर धनेशांना पोसतात आणि धनेश त्यांच्यासह मोठ्या बियांची इतर झाडं डोंगरभर पेरतात. बेटाने धनेश सांभाळला हे आधीपासून माहीत होतं. धनेशानेही बेट लावलं, हे या अभ्यासातून ठसठशीतपणे पुढे आलं.

अशा घट्ट विणीच्या जागी शेळी आली तर काय होणार? नारकोंडमवर १९६९ पासून पोलिसांचं ठाणं आहे. सत्तरच्या दशकात तिथे शेळ्या आणल्या गेल्या. महिनोन् महिने बोटीची वाट पाहणाऱ्या जवानांना ताजं मटण मिळावं, हा साधा हेतू. शेळ्या रानात शिरल्या, वाढल्या, आणि कोवळी रोपं खाऊ लागल्या. जुनी झाडं उभी होती म्हणून वरवर जंगल हिरवंच दिसायचं. खालची पुढची पिढी मात्र उगवत नव्हती. अभ्यासकांनी सतत सांगितल्यावर शेळ्या काढून टाकण्यात आल्या. पिंटाला जे उशिरा सुचलं ते नारकोंडमला वेळेत सुचलं, आणि याचं श्रेय त्या अभ्यासकांना आणि ऐकणाऱ्या प्रशासनाला मोकळेपणाने द्यायला हवं.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. नारकोंडम म्यानमारच्या कोको बेटांपासून फार दूर नाही. १९८६ च्या सागरी सीमा करारात ते भारताचं असल्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि तेव्हापासून त्याचं सामरिक महत्त्व कुणी नाकारत नाही. तटरक्षक दलाला तिथे रडार हवं होतं. सोबत विजेसाठी जनरेटर आणि जंगलातून वर चढणारा रस्ता. ऑगस्ट २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने धनेशासाठी हा प्रस्ताव नाकारला. २०१४ मध्ये सरकार बदललं आणि मंजुरी मिळाली. तेव्हाचे पर्यावरण मंत्री पुण्याचे प्रकाश जावडेकर होते. सॅडल पीकवर बसलेल्या मंडळींतही यावर एकमत झालं नाही. एकाच्या मते सीमेवर डोळा हवाच. दुसऱ्याचं म्हणणं, रडार दुसऱ्या बेटावर बसू शकतं, धनेश बसू शकत नाही. या लेखाचा कौल दुसऱ्याच्या बाजूने आहे. रडारच्या खोलीला लागणारी जमीन थोडी असेल, पण रस्ता म्हणजे माती धुपणं, ढोलीची झाडं पडणं आणि माणसांबरोबर उंदीर-मांजरांचं वर जाणं, आणि हे सगळं सात चौरस किलोमीटरांच्या आत.

नारकोंडमला पर्यटकांच्या बोटी सुरू कराव्यात, अशी सूचनाही अधूनमधून होते. बॅरनची फेरी पाण्यावरूनच पूर्ण होते, कारण तिथलं पाहण्यासारखं आगीचं आहे. नारकोंडमचं पाहण्यासारखं झाडांच्या आत आहे, त्यासाठी उतरावं लागेल. गालापागोसमध्ये प्रवाशाच्या सामानाची तपासणी होते, बिया आणि कीटक काढून घेतले जातात, परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय उद्यानात पाऊल टाकता येत नाही. तेवढं बळ आणि तेवढी माणसं उभी होईपर्यंत नारकोंडम बंद आहे तेच योग्य.

उतरताना चर्चा निघाली ती या बेटाबद्दल अजून काय काय ठाऊक नसेल याची. २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी नारकोंडमवरून चिचुंदरीची एक नवी जात जाहीर केली. गडद, दाट केसांची, पांढऱ्या दातांची, आणि नावातच बेट असलेली: क्रोसिड्युरा नारकोंडामिका. भारतातून चिचुंदरीची नवी जात १९७८ नंतर पहिल्यांदाच मिळाली होती. पोलीस ठाणं तिथे अर्ध्या शतकापासून आहे, पक्ष्यांचे अभ्यासक दीडशे वर्षांपासून येत-जात आहेत, आणि ही चिचुंदरी त्यांच्या पायाखालच्या पाचोळ्यातच होती.